पूर्ण गणित

"आकृतीत दाखवल्याप्रमाणे," असं म्हणून ती वाटीत बोट बुडवायची, आणि स्वयंपाकघरात मला कळायचं की आज वरण पातळ झालंय.

हे तिचं ठेवणीतलं वाक्य होतं. नळाला पाणी नसलं की "पाणी आकृतीत दाखवल्याप्रमाणे." पंखा बंद पडला की "वारा आकृतीत दाखवल्याप्रमाणे." मला आधी वाटायचं, शिकणाऱ्या पोरींची काहीतरी थट्टा असेल. मग एकदा तिने भूमितीचं ब्रेलमधलं पुस्तक माझ्यासमोर उघडलं आणि माझं बोट धरून एका ओळीवर ठेवलं.

"इथे लिहिलंय, आकृतीत दाखवल्याप्रमाणे कोन एबीसीचं माप काढा. शोधा आता आकृती."

मी पान उलटलं. पुढचंही उलटलं. ठिपक्यांच्या ओळी होत्या आणि मध्ये तळहाताएवढी कोरी जागा.

"हीच ती. डोळसांच्या पुस्तकात इथे चित्र असतं. आम्हाला जागा सोडलीय. मेहरबानी."

आमचं वसतिगृह नाशिकरोडच्या पुढे आहे, गच्चीवरून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. अंध मुलींचं वसतिगृह. तुमच्यापैकी कुणी वाढदिवसाचं जेवण द्यायला किंवा थंडीत ब्लँकेटं वाटायला अशा ठिकाणी आलं असेल. मुली गाणं म्हणतात, तुम्ही टाळ्या वाजवता. मागच्या रांगेत एखादी पोरगी मांडीवर पाटी घेऊन काहीतरी टोचत बसलेली असते आणि गाण्यात तोंड हलवत नाही. ती ही. एका पाहुण्या बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवून विचारलं होतं, "बाळ, तुला मोठेपणी काय व्हायचंय?" ती म्हणाली, "मोठी झालेय मी. एकोणीस चालू आहे. आधी दहावी होऊ द्या."

तिची नजर अकराव्या वर्षी गेली. ताप आला, मग डॉक्टर झाले, मग देव झाले, आणि या सगळ्यात तीन-चार वर्षं शाळा बुडाली. घर नामपूरचं. वडील तिथल्या कांद्याच्या मार्केटात मापारी, म्हणजे काट्यावर वजन करणारे. आकडे तिने डोळ्यांनी पाहिलेले होते. पाच कसा वळतो हे तिला आठवत होतं, आणि तेच तिला जास्त टोचायचं. जन्मापासून न दिसणाऱ्या मुली ब्रेल भराभर वाचायच्या, ही अडखळायची आणि दात-ओठ खायची.

मी गोंदियाकडची. नवऱ्याला नाशिकच्या अंबडला कारखान्यात काम लागलं म्हणून इतक्या लांब आले. आठवीत शाळा सोडली, खरं सांगायचं तर गणिताच्या भीतीने सोडली. इथे पोळ्या-भाजीचं आणि झाडलोटीचं काम मिळालं ते ओळखीच्या ओळखीतून, त्यामुळे ते कधीही जाईल असं मला सारखं वाटायचं. अधीक्षिका मॅडमच्या चपलांचा आवाज आला की मी उगाचच ओटा पुसायला लागायची.

आमची पहिली भेट म्हणजे भांडण. मी अभ्यासिका झाडत होते. टेबलावर ॲल्युमिनियमची एक जाळीदार पाटी होती आणि तिच्या भोकांमध्ये शिशाचे छोटे छोटे खिळे वेडेवाकडे उभे होते. मला वाटलं, कुणीतरी पसारा करून गेलंय. मी पाटी डब्यावर उपडी केली, खिळे गोळा केले, पाटीही फडक्याने लख्ख पुसली आणि स्वतःवर खूश झाले. इतक्यात ती पाणी पिऊन आली. तिने पाटीवर हात फिरवला. वरून खाली, खालून वर.

"कोणी केलं हे?"

"मी ग. पसारा होता, आवरला."

"मावशी, तो पसारा नव्हता. ते उदाहरण होतं. दोन तास बसले होते मी त्याच्यावर."

मग मला कळलं. खिळ्याचं टोक कोणत्या कोपऱ्याकडे वळलंय त्यावरून तो कोणता आकडा ते ठरतं. तुम्ही-आम्ही वहीत चुकलो तर खाडाखोड करतो, वही फेकली तरी गणित वहीत राहतं. हिचं गणित त्या भोकांत उभं असायचं आणि एका धक्क्यात सांडायचं. मी रडायलाच लागले. म्हटलं, मॅडमला सांगू नको बाई, माझं काम जाईल.

"रडू नका. मीठ नाय लागत गणिताला," ती म्हणाली. "वाचता येतं ना तुम्हाला? मग बसा इथे. पुस्तक घ्या आणि तेच उदाहरण परत वाचा."

असं माझं वाचून दाखवण्याचं काम सुरू झालं. दुपारी दोन ते चार, भांडी झाल्यावर.

तिच्या मागे लागलेलं एकच गणित होतं, आणि ते कोणत्याही पुस्तकातलं नव्हतं. दिसत नसलेल्या मुलांना दहावीला सवलत असते. गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेता येतं. आमच्याकडच्या सगळ्या मुली तेच घ्यायच्या. हिला संगणकाचा डिप्लोमा करायचा होता, आणि तिने रविवारी फोन हातात मिळायचा तेव्हा चौकशी करून ठेवली होती: तिकडे पूर्ण गणित लागतं, अंकगणित चालत नाही.

"सवलत चांगलीच आहे," ती म्हणायची. "ज्याला पाहिजे त्याने घ्यावी. मला नको म्हणते तर लोकांना वाटतं मी त्यांच्या घरचं जेवण नाकारलं."

मुली आठवीपासून शेजारच्या मोठ्या शाळेत जायच्या. तिथले गणिताचे सर स्वभावाने गरीब, पण शिकवताना हातांनी बोलायचे. ती मला नक्कल करून दाखवायची. "हे इकडे घेतलं की ते तिकडे जातं, मग याला यानं भागलं, आणि हे आलं आपलं उत्तर! कळलं?" हिने हात वर केला होता. "सर, हे म्हणजे कोण? आणि इकडे म्हणजे कुठे?" सर म्हणाले, "अगं, फळ्यावर बघ ना." मग स्वतःच जीभ चावली. "बघते सर," ही म्हणाली. वर्ग हसला. तास संपल्यावर सर तिच्या बाकाशी आले आणि म्हणाले, "सवलत घे बाळा. कशाला जिवाला त्रास?"

"त्रास यांनाच होतो," ती मला म्हणाली. "मी वर्गात बसले की यांना हे-ते म्हणता येत नाही."

पुस्तकाचं तर विचारूच नका. बीजगणिताचं एवढंसं पुस्तक ब्रेलमध्ये जाडजूड नऊ भागांत आलं, तेही दिवाळीनंतर. त्यातला चौथा भाग दोनदा आला आणि पाचवा आलाच नाही. वर्गसमीकरणं नेमकी पाचव्यात. तिने फोन केला की पलीकडून "पाठवलाय, येईल" असं उत्तर यायचं. तिचा बोलणारा फोन सगळं वाचायचा, बातम्या, मेसेज, जाहिराती. गणित आलं की मधली चिन्हं गिळून टाकायचा. एक्सच्या डोक्यावरचा दोन त्याला कधी दिसलाच नाही. "माझ्यापेक्षा हाच आंधळा," ती म्हणायची.

मग राहिले मी, आठवी शिकलेली. मला चिन्हांची नावंही येत नव्हती. वर्गमूळ आलं तेव्हा मी म्हटलं, "इथे एक्स अधिक नऊच्या डोक्यावर छप्पर आहे."

"छप्पर कुठवर आहे? एक्सपुरतं की नऊलाही?"

"म्हणजे... थोडं नऊवर आलंय."

"थोडं कसं येईल मावशी? नऊ पावसात उभा आहे की घरात?"

ती चिडली की टेबलावर मूठ आपटायची. मी घाबरून आणखी चुकायची. शेवटी आम्ही एक पद्धत काढली. कंस किंवा छप्पर उघडलं की मी उलथनं टेबलावर एकदा वाजवायची, बंद झालं की दोनदा. हळूहळू मुली म्हणायला लागल्या, "ऐका, मावशीचं कीर्तन सुरू झालं."

आकृत्या मी स्वयंपाकघरात केल्या. मैद्याची खळ करून जाड कागदावर सुतळी चिकटवायची. वर्तुळाला माझी बांगडी, स्पर्शिकेला खराट्याची काडी. ती बांगडीवरून बोट फिरवत यायची आणि काडी जिथे बांगडीला लागलीय तिथे थांबायची, पुढे-मागे करायची. "एकाच ठिकाणी लागतेय," ती एकदा हळूच म्हणाली. "एकाच ठिकाणी, मावशी. सरांनी दोन तास सांगितलं, तेव्हा नुसता खडू ऐकू येत होता." त्या दिवशी मी तिचा चेहरा बघतच राहिले आणि माझी भाजी लागली.

मलाही तिने शिकवलं. मी एक्सला घाबरते म्हटल्यावर हसली. "एक्स म्हणजे झाकलेली वाटी. आत काय असेल ते बाकीच्या ताटावरून ओळखायचं. मला तर सगळ्याच वाट्या झाकलेल्या." आठवीत ज्या गणितावरून मार खाल्ला होता, ते मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी एका न दिसणाऱ्या पोरीने सोडवून दिलं. ते उपकार मी विसरणार नाही. आणि म्हणूनच पुढचं लिहायला हात जड झालाय.

परीक्षेचे फॉर्म आले. आमच्या अधीक्षिका मॅडमनी सगळ्यांचे स्वतः भरले आणि संध्याकाळी सह्यांसाठी गठ्ठा घेऊन जेवणघरात आल्या. "भराभर करा ग, न्यायला माणूस थांबलाय." हिने आपला फॉर्म हातात घेतला आणि सरळ माझ्याकडे आली. माझे हात कणकेत होते.

"मावशी, वाचा. गणित बघा."

मी हात पुसून कागद घेतला. सगळा इंग्रजीत. विषयांच्या रकान्यात नावं आखूड करून लिहिलेली, पुढे नुसते कोडचे आकडे. मला अक्षरं ओळखता येतात, जुळवायला वेळ लागतो, आणि ती आखूड नावं तर जुळतही नव्हती. मॅडम समोर उभ्या होत्या, घड्याळ बघत होत्या. त्यांच्यासमोर, पोरींसमोर, "मला हे वाचता येत नाही" असं कसं म्हणायचं? रोज दुपारी ऐटीत वाचणारी मी. मी रकाने मोजले. जितके विषय हवेत तितके होते.

"आहे का गणित?"

"आहे."

"पूर्ण?"

"हो ग बाई, आहे सगळं."

तिने पट्टी लावून सही केली. शाळेत दिसत असताना शिकलेली, वळणदार सही.

हॉलतिकिटं आली तेव्हा मॅडमनी ती जेवणाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवली. हिच्या नावापुढे अंकगणित.

"मॅडम, माझं चुकून वाचलंत."

"चुकलं नाही. सगळ्यांचं तेच आहे."

"मी तुम्हाला आधीच पूर्ण गणित हवं असं लिहून दिलं होतं."

"अगं, तुझ्याच भल्यासाठी केलं. पाचवा भाग अजून आलेला नाही, कशाच्या जोरावर बसणार होतीस? नापास झालीस तर वर्ष गेलं असतं. आणि सही तर तूच केलीस ना? मावशींनी वाचून दाखवला होता की."

जेवणघरात ताटं वाजायची थांबली. तिने मान वळवली, बरोबर माझ्या दिशेने. मी भाजीचं पातेलं धरून उभी होते. मला म्हणायचं होतं, की बाई, मला वाचता आलं नव्हतं. मी म्हटलं, "पोळी वाढू का कुणाला?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी रिक्षाने परीक्षेच्या कार्यालयात गेलो. खिडकीतल्या माणसाने कागद बघितला, चांगल्या आवाजात सांगितलं, "ताई, बदलाची मुदत गेली. पुढच्या वर्षी बघा." त्यानंतर दोन ते चार ती माझ्याकडे आली नाही. फक्त "मावशी, मीठ" एवढंच.

अंकगणिताच्या पेपरला तिला घ्यायला मी गेटवर गेले. ती सगळ्यांच्या शेवटी बाहेर आली.

"कसा गेला?"

"टोपलीत बारा आंबे होते," ती म्हणाली. "चार सडले. लेखनिक पोरगी आठवीतली, म्हणाली, ताई, किती सोपा पेपर ना! अर्ध्या तासात संपला. मग बसून राहिले. उठले असते तर सगळ्यांना वाटलं असतं, हिला एवढंच येतं."

निकाल लागला. अंकगणितात पैकीच्या पैकी. संस्थेने गेटवर फ्लेक्स लावला, तिचा हसरा फोटो, खाली ठळक अक्षरात 'गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवून घवघवीत यश'. फोटो कुठल्यातरी जुन्या स्नेहसंमेलनातला होता. सत्काराला ती पोट दुखतंय म्हणून खोलीतून आली नाही. डिप्लोमाच्या ठिकाणी फोन करून विचारलं, तर हवं ते गणित नाही म्हणून अर्जच घेता येणार नाही असं सांगितलं. दहावी झालेल्या मुलींना वसतिगृहात ठेवत नाहीत. पुढच्या मार्चला ती बाहेरून नुसत्या गणिताला बसणार होती. मॅडमकडे गणिताची ब्रेल पुस्तकं मागितली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "ती संस्थेची आहेत ग. उद्या दुसऱ्या मुलींना लागली तर?" दुसऱ्या कोणत्या मुलीला, ते काही सांगितलं नाही.

तिला न्यायला वडील आले. रापलेला माणूस, खांद्याला पिशवी. गेटवरचा फ्लेक्स बघून ते जागीच उभे राहिले.

"मनी पोर हुशार शे, ताई," मला म्हणाले. खिशातून फोन काढला. "तठे उभी ऱ्हाय बेटा, फोटू काढस."

ती फ्लेक्सखाली जाऊन उभी राहिली. हसली नाही, पण उभी राहिली. वडिलांनी तीन फोटो काढले. तिने त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं.

मी नाशिकच्या सीबीएस स्टँडपर्यंत सोबत गेले. वडील सटाण्यावरून नामपूरला जाणाऱ्या गाडीची चौकशी करायला खिडकीकडे गेले आणि आम्ही दोघी बाकावर बसलो. कितीतरी दिवसांनी ती आपण होऊन बोलली.

"मावशी, फॉर्म तुम्हाला वाचता आला नव्हता ना?"

"नव्हता."

"मग म्हणाला का नाही?"

"लाज वाटली. मॅडम उभ्या होत्या. कामाची भीती वाटली."

आजूबाजूला गाड्यांचा गलका चालला होता.

"मी दिवसातून शंभरदा म्हणते, मला दिसत नाही. दुकानात म्हणते, रस्त्यात म्हणते, वर्गात म्हणते. तुम्हाला एकदा म्हणता आलं नाही?"

मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही, दाबलाही नाही. गाडी लागली. वडिलांनी तिला खिडकीपाशी बसवलं. गाडी वळेपर्यंत मी हात हलवत राहिले. कुणासाठी, ते मलाच माहीत.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे गेले. म्हटलं, "मॅडम, तो फॉर्म मला वाचता आला नव्हता. मी खोटं बोलले. चूक माझी आहे. पुस्तकं तिच्या घरी पाठवा, वर्षभरासाठी." मला वाटलं, आता काम गेलं. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "झालं ते झालं हो. पुस्तकांसाठी लेखी अर्ज द्या, समितीपुढे ठेवते. आणि दुपारी पाहुणे आहेत, शिरा करा."

मी अर्ज लिहिला. शाळा सोडल्यानंतरचा पहिला. एका मुलीला वाचून दाखवला, तिने चुका सांगितल्या, पुन्हा लिहिला. समितीची बैठक अजून झालेली नाही. दर सोमवारी विचारते. मॅडम म्हणतात, "तुम्हीच काय मावशी, सगळेच थांबलेत."

पुस्तकं कोठीच्या खोलीत कपाटाखाली आडवी रचून ठेवली होती आणि त्यांच्यावर ब्लँकेटांचे गठ्ठे, सतरंज्या, स्टीलची टाकी. ब्रेलच्या पुस्तकावर वजन आलं की ठिपके हळूहळू बसतात, मग ते पान कुणालाच वाचता येत नाही. मी गठ्ठे उतरवते, पुस्तकं भिंतीशी उभी करते. दोन दिवसांनी कुणीतरी पुन्हा आडवी टाकून वर काहीतरी ठेवतं. मी पुन्हा उभी करते. काल एक पान उघडून बोट फिरवून पाहिलं. मला वाचता येत नाही, पण ठिपके अजून बोटाला लागतात.